प्रोबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्स: आधी शब्द पक्के करा, फॉर्म्युले नंतर

आपल्या खान्देशातली बरीच पोरं दहावीपर्यंत मराठी मीडियमला असतात, चोपडा, रावेर, साक्री, शहादा कुठूनही येऊ द्या, आणि बीजगणितात संभाव्यता अन् सांख्यिकी दोन्ही धडे करून आलेली असतात. मग इंजिनिअरिंगला मॅथ्सच्या पेपरात तेच सगळं इंग्रजी नावांनी समोर आलं की घाबरतात. घाबरू नका. मध्य म्हणजे मीन, मध्यक म्हणजे मीडियन, बहुलक म्हणजे मोड, नमुना अवकाश म्हणजे सॅम्पल स्पेस, घटना म्हणजे इव्हेंट, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका. माझा अनुभव असा आहे की या विषयात आकडेमोडीत मार्क कमी जातात, गणितात नक्की काय विचारलंय ते न ओळखल्यामुळे जास्त जातात.

सुरुवात डेटापासून करा आणि डेटा घरचाच घ्या. केळीच्या बागेत ठिबक असेलच, समजा ड्रिपर तासाला ४ लिटरचे आहेत. पाच ड्रिपरखाली १५ मिनिटं डबे ठेवा, पाणी मोजा आणि ४ ने गुणा. समजा रीडिंग आले ३.९, ४.१, ४.०, ३.८ आणि २.२, शेवटचा क्षाराने चोक झालेला. बेरीज १८, म्हणून मीन ३.६. आता बघा, ३.६ च्या आसपास एकही ड्रिपर नाही, चार जण चांगले चालताहेत आणि एकामुळे मीन खाली ओढला गेला. मीडियनसाठी चढत्या क्रमाने लावा, मधला येतो ३.९, तो बागेची खरी परिस्थिती जास्त बरोबर सांगतो. डेटात एखादा आकडा फार लांब पडलेला असेल, ज्याला आउटलायर म्हणतात, तर मीन आणि मीडियन दोन्ही काढून बघायची सवय लावा.

पुढे व्हेरियन्स, म्हणजे आकडे मीनपासून किती पसरलेत त्याचं माप. प्रत्येक रीडिंगमधून मीन वजा केला की ०.३, ०.५, ०.४, ०.२ आणि मायनस १.४ येतात, यांची बेरीज शून्यच येणार, म्हणून वर्ग करायचे. वर्गांची बेरीज २.५०. आता भागायचं ५ ने की ४ ने? इथेच गोंधळ होतो. बागेतले सगळे ड्रिपर म्हणजे पॉप्युलेशन, तुम्ही मोजलेले पाच म्हणजे सॅम्पल. सॅम्पलवरून पूर्ण बागेचा अंदाज करायचाय तर एन मायनस वन (एन म्हणजे रीडिंगची संख्या), म्हणजे ४ ने भागा, कारण फरकांची बेरीज शून्य असल्यामुळे चार फरक कळले की पाचवा आपोआप ठरतो, मोकळे चारच उरतात, यालाच डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात. व्हेरियन्स आला ०.६२५ आणि त्याचं वर्गमूळ ०.७९ लिटर म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन (एसडी), मराठीत प्रमाण विचलन, दहावीत न शिकवलेलं. हेच पाच आकडे म्हणजेच पूर्ण पॉप्युलेशन असतं तर ५ ने भागून ०.७१ आलं असतं. कॅल्क्युलेटर दोन वेगळ्या एसडी दाखवतो तो याचमुळे, बटण दाबायच्या आधी प्रश्नात सॅम्पल लिहिलंय का ते वाचा.

आता प्रोबॅबिलिटी. सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह आणि इंडिपेंडंट या जोडीत, दोन्ही म्हणजे एकमेकांशी संबंध नाही असं धरून चालतात, आणि ते साफ चूक आहे. पत्त्यांच्या कॅटमधून एक पान ओढा. ते राजा असणं आणि राणी असणं एकाच वेळी शक्य नाही, म्हणून या घटना म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह. राजा आलाय एवढं कळलं की राणी नाही हे लगेच कळतं, म्हणजे संबंध तर चांगलाच आहे. याउलट राजा असणं आणि बदाम असणं बघा: राजाची प्रोबॅबिलिटी १/१३, बदामची १/४, गुणाकार १/५२, आणि बदामचा राजा ५२ पानांत एकच आहे. गुणाकार जुळला, म्हणून या घटना इंडिपेंडंट. पान बदाम आहे हे कळून राजाचा चान्स ना वाढला ना घटला. पहिल्या जोडीत 'किंवा' विचारलं तर सरळ बेरीज करायची, दुसऱ्या जोडीत 'आणि' विचारलं तर सरळ गुणाकार.

कंडिशनल प्रोबॅबिलिटी (एक गोष्ट घडलीय हे माहीत असताना दुसरीची प्रोबॅबिलिटी) आणि बेझ थिअरम (ती अट उलटी करून काढायची रीत) फॉर्म्युल्याने पाठ करू नका, १००० नग धरा. एका कारखान्यात ६०% ड्रिपर पहिल्या मशीनवर बनतात आणि त्यातले १% खराब निघतात, ४०% दुसऱ्या मशीनवर आणि त्यातले ३% खराब, असं गणित दिलंय. १००० मध्ये ६०० आणि ४००, खराब ६ आणि १२, एकूण १८. हातात खराब ड्रिपर आहे तर तो दुसऱ्या मशीनचा असण्याची प्रोबॅबिलिटी १२/१८, म्हणजे २/३. बेझ एवढाच आहे. फक्त 'दुसऱ्या मशीनचा असेल तर खराब' हे ०.०३ आणि 'खराब असेल तर दुसऱ्या मशीनचा' हे ०.६७, या दोन वाक्यांची अदलाबदल होऊ देऊ नका, इंग्रजी प्रश्नात गिव्हन शब्दाच्या पुढे जे आहे ते आधीच घडलंय असं समजा.

रँडम व्हेरिएबल, म्हणजे योगायोगाने ठरणारा आकडा, मोजता येणारा असेल, जसं १०० मधले खराब ड्रिपर, तर डिस्क्रीट. मापायचा असेल, जसं लिटर, तर कंटिन्युअस. डिस्क्रीटमध्ये बायनॉमियल (एन नगांत, प्रत्येकी खराब असण्याचा चान्स पी असताना, किती खराब निघतील) आणि पॉइसन (तेच, फक्त सरासरीवरून) येतात. एन मोठा आणि पी लहान असेल तर पॉइसन वापरा: वरच्या कारखान्याच्या १०० नगांत एकही खराब नसण्याची प्रोबॅबिलिटी बायनॉमियलने साधारण ०.१६३ आणि मीन १.८ घेऊन पॉइसनने ०.१६५ येते, फरक नगण्य. कंटिन्युअसमध्ये डेन्सिटी, म्हणजे कर्व्हची उंची, ही प्रोबॅबिलिटी नव्हे, कर्व्हखालचं क्षेत्रफळ म्हणजे प्रोबॅबिलिटी, म्हणून डेन्सिटी १ च्या वर गेली तरी चालतं. प्रोबॅबिलिटी ० ते ०.५ मध्ये सारखी पसरलेली असेल तर डेन्सिटी २ असते.

शेवटचं, नॉर्मलचं, म्हणजे घंटेच्या आकाराच्या कर्व्हचं टेबल. त्यातला झेड म्हणजे आकडा मीनपासून किती एसडी लांब आहे ते. झेड १ समोर ०.३४१३ लिहिलं असेल तर ते टेबल शून्यापासून मोजतंय, ०.८४१३ असेल तर पार डावीकडून. समजा मीन ४, एसडी ०.१ आणि ३.८ ते ४.२ मधली प्रोबॅबिलिटी हवीय, म्हणजे झेड मायनस २ ते २. पहिल्या टेबलने ०.४७७२ ची दुप्पट, दुसऱ्याने ०.९७७२ वजा ०.०२२८, दोन्हीकडून ०.९५४४ आलं पाहिजे. उत्तर १ च्या वर किंवा मायनसमध्ये आलं तर टेबलची जात ओळखण्यात चूक झालीय, आधी तेच तपासा.