ठाण्याच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याचा रीफ टँक: माझी पद्धत

रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्या काचेची ऑर्डर देण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: समुद्रातून उपटलेलं काहीही घरात आणायचं नाही. कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्यानं त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. समुद्रघोडे आणि समुद्रकाकडी यांनाही संरक्षण आहे. 'लाइव्ह रॉक' म्हणून जो दगड विकतात, तो बहुतेक वेळा जुन्या प्रवाळाचा सांगाडाच असतो. मालवणच्या पाण्यात तोंडावर मास्क लावून एकदा जरी प्रवाळ पाहिलं असेल, तरी त्याचा तुकडा पिशवीत भरून आणायची इच्छा होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मग टँकमध्ये ठेवायचं काय? पुष्कळ आहे. मशरूम, झोअँथिड, लेदर कोरल, झेनिया ही मऊ कोरल्स घरच्या टँकमध्ये वाढतात. शौकीन मंडळी त्यांचे तुकडे करून एकमेकांना देतात, त्यांना आम्ही फ्रॅग म्हणतो. दगड कृत्रिम, सिरॅमिकचा घ्या. क्लाउनफिश हॅचरीतला, म्हणजे प्रजनन केंद्रात वाढवलेला घ्या. आपल्याकडे सीएमएफआरआयनं, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं, त्याच्या प्रजननाचं तंत्र बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचं कारणच उरत नाही. हॅचरीतला मासा पहिल्या दिवसापासून गोळीचं खाणं खातो, हा आणखी एक फायदा. बाहेरून आयात झालेला प्राणी घेत असाल तर कागदपत्रं मागा. सायटीस या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना २०२२ च्या कायदादुरुस्तीनं नोंदणी बंधनकारक केली आहे. दुकानदार 'काही लागत नाही हो' म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

सुरुवातीला तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक घ्या. हिशेबानं १९० लिटर होतात, दगड घालून आणि वरची जागा सोडून १६० लिटरच्या आसपास पाणी बसतं. याहून लहान टँक स्वस्त पडतो, पण त्यातलं पाणी फार लवकर बिघडतं, म्हणून नवख्यानं तो घेऊ नये. काच, दगड, पाणी, स्टँड मिळून वजन सहज अडीचशे किलोंच्या पुढे जातं. टँक खोलीच्या मधोमध नको, बीमवर किंवा कॉलमजवळच्या भिंतीला लावून ठेवा. साध्या लोखंडी अँगलच्या स्टँडला खारं पाणी वर्षभरात गंज चढवतं. पावडर कोटिंग केलेला किंवा मरीन प्लायचा करून घ्या. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली पडेल. त्या सर्किटवर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

पाण्याच्या बाबतीत मी कडक आहे. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काही जमणारही नाही. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी टँकला चालत नाही. त्यात चवीसाठी टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मुद्दाम थोडा ठेवलेला असतो. टँकसाठी आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी लावून टीडीएस शून्यावर आणायचा. नाहीतर फॉस्फेट आणि सिलिकेट रोज थोडं थोडं आत जातं आणि काचेवर शेवाळ धरतं. गिरगाव किंवा जुहूचं समुद्राचं पाणी भरून आणायचा मोह टाळा. त्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरतो.

रीफचं मीठ लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं. वेगळ्या ड्रममध्ये पंप लावून ते रात्रभर फिरवा. खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे घनता १.०२६ च्या जवळ हवी. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरा, पण तो शून्य खारेपणाच्या पाण्यावर जुळवून भागत नाही. ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं, त्यावर जुळवा. टँकमधून वाफ होऊन जातं ते गोडं पाणी, मीठ आतच राहतं. त्यामुळे रोजची भर आरओ-डीआयच्या गोड्या पाण्याचीच घालायची. हे काम ऑटो टॉप-ऑफवर, म्हणजे पातळी उतरली की आपोआप पाणी घालणाऱ्या यंत्रावर, सोपवलं तर खारेपणा दिवसभर एकसारखा राहतो.

आता उन्हाळा. आपल्याकडचे बहुतेक टँक इथेच बिघडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात आणि प्रकाशातून बनवलेलं अन्न प्रवाळाला देतात. पाणी फार तापलं की प्रवाळ त्यांना बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली खुल्या समुद्रात हेच घडलं. मे महिन्यात खोली ३४ अंशांवर असते, त्यात दिवे आणि पंप यांची उष्णता मिळते. अशा वेळी घरच्या टँकला ३१-३२ अंश गाठायला वेळ लागत नाही.

पाण्यावर पंखा मारणं हा पहिला उपाय. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. बाहेरून उष्णता आलीच नाही असं धरलं, तर तेवढ्यात १६० लिटर पाणी साडेतीन अंशांनी थंड व्हावं. पुण्या-नाशिकच्या कोरड्या एप्रिलमध्ये एवढ्यावर निभावतं. ठाण्या-मुंबईत हवाच ओली, वाफ होणार कुठून? जूनमध्ये तर पंखा नुसता फिरतो. इथे चिलर घ्यावाच लागतो. एवढ्या टँकला एक दशांश अश्वशक्तीचा पुरतो. तो कॅबिनेटमध्ये कोंडू नका. त्याची गरम हवा आतच फिरत राहिली तर यंत्र चालत राहतं, बिल वाढतं आणि पाणी तसंच.

परदेशी मार्गदर्शक २५ अंश सांगतात. मी २७ ठेवते. हिंदी महासागरातलं प्रवाळ या तापमानात आरामात राहतं आणि चिलर निम्मा वेळ बंद असतो. आकड्यापेक्षा चढउतार महत्त्वाचा: दिवसरात्रीत एका अंशाच्या आत ठेवा.

वीज गेली तर गारव्यापेक्षा ऑक्सिजनची चिंता आधी करा. कोमट खाऱ्या पाण्यात तो आधीच कमी विरघळतो. वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप, घरच्या इन्व्हर्टरवर घ्या, शिवाय बॅटरीवर चालणारा एअर पंप कपाटात असू द्या. प्रवाह तासाला टँकच्या वीसपट हवा आणि तो एकाच दिशेनं कोरलवर आदळता कामा नये. सोबत बऱ्यापैकी प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र, लावा.

पाणी भरलं, दगड रचले की मासे लगेच आणायचे नाहीत. आधी विषारी अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची वस्ती बसू द्या. अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन) घाला आणि टेस्ट किटनं पाहत राहा. अमोनियाचं नायट्राइट होतं, नायट्राइटचं नायट्रेट. घातलेला अमोनिया एका दिवसात शून्यावर यायला लागला आणि नायट्राइटही उतरलं की टँक माशासाठी तयार झाला. याला चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले जिवाणू घातले तरी टेस्ट चुकवू नका. त्यानंतर डायटमचा तपकिरी थर येईल, मग केसांसारखं हिरवं शेवाळ. घाबरून औषधं ओतू नका, गोगलगाई सोडा, हातानं उपटा, पाणी बदला. दोन-तीन महिने हे चालणारच.

मासा आणला की वेगळ्या साध्या टाकीत महिनाभर ठेवा. क्रिप्टोकॅरिऑन हा पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी एकदा मुख्य टँकमध्ये शिरला की सगळे मासे बाहेर काढून टँक अडीच महिने रिकामा ठेवावा लागतो. कारण त्यावर चालणारं तांब्याचं औषध गोगलगाई, कोळंबी आणि कोरल यांनाही मारतं. ते औषध फक्त क्वारंटाइनच्या टाकीत. लांबून कुरिअरनं आलेली पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि पिशवीतला अमोनिया एकदम विषारी होतो. म्हणून दुकानाकडून पाण्याचा खारेपणा आधीच विचारून क्वारंटाइनचं पाणी तेवढंच करून ठेवा. बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवा, उघडल्यावर मात्र मासा लगेच जाळीनं आत सोडा. मँडरिन आणि क्लीनर रॅस हे मासे दिसायला मोहक, पण नव्या टँकमध्ये उपाशी मरतात. पावडर ब्लू टँगला तीन फूट म्हणजे कोठडी.

आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. मऊ कोरलांना एवढ्यावर कॅल्शियम वगैरे वेगळं घालावं लागत नाही. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, मात्र दर रविवारी मोजा: ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक) हवी. थेंबाथेंबानं निळ्याचा पिवळा होणारा तो रंग बघायला माझा भाचा मुद्दाम येतो. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. दोन्ही शून्य करायच्या मागे लागू नका. उपाशी टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्म जीव माजतात आणि ते घालवणं महाकठीण.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. त्यांच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. तसा दगड कधीही उकळू नका, गरम पाण्यानं धुऊ नका, कोरडा घासू नका. ती वाफ श्वासात गेल्यानं घरंच्या घरं दवाखान्यात गेली आहेत.

आपल्या घरांतलं आणखी एक: डासांचा स्प्रे आणि पेस्ट कंट्रोल. त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं कोळंबी-खेकड्यांना लगेच मारतात, माशांनाही सोडत नाहीत. स्किमर आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात मिसळतात. टँकच्या खोलीत स्प्रे नाही, लिक्विड नाही, कॉइल नाही, खिडकीला जाळी लावा. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी ती खोली वगळायला सांगा. गणपतीत मखर टँकशेजारी मांडू नका, धूप-उदबत्तीचा धूर तिथेच कोंडतो.

आणि गणपतीला गावी जाणार असाल तर आठवडाभर आधी काही नवीन घालू नका, बदलू नका. टॉप-ऑफचा डबा भरून ठेवा, दिवे टायमरवर ठेवा. शेजारच्या काकूंना खाण्याचा डबा देऊ नका. प्रेमापोटी त्या मूठभर टाकतील. दिवसाआड एक याप्रमाणे चिमटीएवढ्या पुड्या बांधून, वर वार लिहून द्या. धडधाकट क्लाउनफिश पाच दिवस कमी खाऊन राहतो. काकूंना पाहायचं एवढंच सांगा की पाणी हलतंय आणि तापमापी २८ च्या खाली आहे. तसं नसलं तर फोन.