रेझिनच्या बैलाची नक्कल कशी पकडायची

तुम्ही घडवलेला ७५ मिमीचा रेझिनचा नंदीबैल तान्ह्या पोळ्याच्या तोंडावर निम्म्या किमतीत ऑनलाइन दिसला, तर विकणाऱ्याला फोन करून झापू नका. सावध झाला की तो जाहिरात काढून दुसऱ्या नावाने टाकतो. आधी लिंक, तारीख आणि विक्रेत्याचे नाव दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, मग गुपचूप एक नग मागवा. यूपीआयची पावती आणि कुरिअरची पिशवी जपून ठेवा. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ लेबलपासून बैलापर्यंत सलग असू द्या.

आता व्हर्निअर, म्हणजे बारीक मापे घेण्याची सरकती पट्टी, काढा. नक्कल करणारा तुमच्या मूर्तीवरच सिलिकॉन ओतून साचा घेतो. सिलिकॉन आणि रेझिन दोन्ही थोडे आकसतात, म्हणून नक्कल सहसा मुळापेक्षा लहान भरते. शिंगे, पाय मोजून उपयोग नाही, ते वाकतात. चौथऱ्याची लांबी, वशिंडाची जाडी अशी ठोस मापे घ्या. सगळीकडे सारखाच अर्धा-एक टक्का कमी भरला तर संशय पक्का. मात्र ताडून पाहायला स्वतःच्या चार-पाच प्रती मोजा. मे महिन्यातल्या उन्हात रेझिन जास्त तापते आणि तुमचाच नग थोडा लहान निघू शकतो. वेसणीचा दोर बोथट, झुलीची किनार पुसट, कानामागे बुडबुडे, हेही पाहा.

याहून भक्कम पुरावा म्हणजे मुद्दाम ठेवलेली खोड. मूळ मूर्ती घडवतानाच मागच्या डाव्या खुराच्या आतल्या बाजूला सुईने तीन टिंबे टोचा आणि तारखेसह फोटो काढा. कोणी स्वतःच्या हाताने नंदी घडवला तर त्यात ही टिंबे येणार नाहीत. तसा बैल घडवायला त्याला मोकळीक आहे. नंदी कोणाच्या मालकीचा नाही, तुमची घडण तेवढी तुमची.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प ही कलाकृती आहे. हक्क घडवताक्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण कलम १५ ची मेख लक्षात ठेवा: डिझाइन (वस्तूचे आकार-रूप) म्हणून नोंदवता येण्याजोगी वस्तू न नोंदवता ५० पेक्षा जास्त वेळा औद्योगिक पद्धतीने काढली, तर कॉपीराइट संपतो. समोरचा वकील हेच उकरून काढेल. म्हणून विक्रीआधीच, फोटोसुद्धा कुठे न टाकता, डिझाइन नोंदणीबद्दल वकिलाला विचारा.

मग वेबसाइटला लेखी तक्रार. २०१३ च्या कॉपीराइट नियमांनुसार तक्रार पटल्यास ३६ तासांत मजकूर रोखावा लागतो, पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश नाही आणला तर तो पुन्हा दिसू शकतो. जाहिरातीत तुमचाच फोटो वापरला असेल तर तो मुद्दा सगळ्यात वर लिहा, सिद्ध करायला तो सोपा.

तालुक्याच्या ठाण्यात 'हे दिवाणी प्रकरण आहे' असे ऐकायला मिळेल. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ चा, म्हणजे जाणूनबुजून नक्कल करण्याचा, गुन्हा दखलपात्र (पोलीस थेट नोंदवू शकतील असा) असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल छापून न्या, आणि दोन्ही बैल टेबलावर शेजारी ठेवा, खूर वर करून.