पुंता कानाला निघण्यापूर्वी: भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी कागदपत्रं

पुंता काना हे कॅरिबियनमधल्या डोमिनिकन रिपब्लिकचं पर्यटनस्थळ. तिथे जाताना भारतीय पासपोर्टवाल्याला आधी एकच गोष्ट बघायची असते: आपल्याकडे आणखी कुठल्या देशाचा व्हिसा आहे? अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) यांपैकी एकाचा चालू व्हिसा किंवा कायम वास्तव्याचं कार्ड असेल, तर पर्यटनासाठी वेगळा डोमिनिकन व्हिसा लागत नाही. यातलं काहीच नसेल, तर दिल्लीतल्या डोमिनिकन दूतावासातून पर्यटक व्हिसा काढावा लागतो. तो हातात पडेपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

‘चालू’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसाची तारीख प्रवासाच्या दिवशी उलटलेली नसावी. आय-७९७ हे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचं मंजुरीचं पत्र आहे आणि ईएडी हा तिथला कामाचा परवाना. दोन्ही व्हिसा नव्हेत. व्हिसा जुन्या पासपोर्टमध्ये असेल तर जुना-नवा दोन्ही पासपोर्ट सोबत हवेत. जुना ‘रद्द’ म्हणून घरी कपाटात राहतो आणि चेक-इनच्या खिडकीवर प्रवास तिथेच संपतो. नव्या पासपोर्टची मुदत सहा महिने तरी उरलेली असू द्या.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांची खरी अडचण मात्र जाताना नाही, परतताना होते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा शिक्का (म्हणजे पासपोर्टवरचा व्हिसा) संपला असेल तर कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांपर्यंत जाऊन चालू आय-९४ वर (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची नोंद) परत येता येतं, हे बहुतेकांना माहीत असतं. ही सवलत एच-१बीवाल्यांना कॅरिबियन बेटांसाठी नाही. ‘मेक्सिकोला चाललं, मग इथे काय हरकत आहे’ या हिशोबात लोक फसतात आणि नवा शिक्का मिळेपर्यंत अमेरिकेबाहेर अडकतात. एफ आणि जे व्हिसावाल्या विद्यार्थ्यांना क्यूबा सोडून आसपासच्या बेटांसाठी ही सवलत आहे, पण ती अमेरिकेत परतण्यापुरतीच. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये शिरायला तिचा उपयोग नाही. एफवाल्या विद्यार्थ्यांनी आय-२० या कॉलेजने दिलेल्या फॉर्मवर प्रवासाची सही घेतलेली असावी: एरवी ती वर्षभर चालते, ओपीटीवर (विद्यार्थ्यांना मिळणारी कामाची परवानगी) असाल तर सहा महिनेच. एच-१बीवाल्यांनी मूळ आय-७९७ जवळ ठेवावं. परतल्यावर नवा आय-९४ ऑनलाइन उघडून त्यातली तारीख लगेच बघा. पासपोर्ट लवकर संपणार असेल तर तीच तारीख त्यावर पडू शकते.

मुलांचा हिशोब वेगळा. अमेरिकेत जन्मलेल्या, अमेरिकन पासपोर्ट असलेल्या मुलाला व्हिसाचा प्रश्न येत नाही. एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या भारतीय पासपोर्टच्या मुलाला चालू शिक्का हवाच. आई किंवा वडील एकटेच मुलाला घेऊन जात असतील तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र घ्या, शक्यतो स्पॅनिश भाषांतरासह.

यानंतर डोमिनिकन रिपब्लिकचं ई-तिकीट. हे विमानाचं तिकीट नाही. प्रवेश, निर्गमन आणि कस्टम्स यांचा हा एकत्र ऑनलाइन फॉर्म आहे आणि तो पूर्ण फुकट आहे. शोध घेतल्यावर पैसे मागणाऱ्या साइट्स सहज वर येतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘गॉब डॉट डीओ’ (gob.do) असतं, एवढं बघितलं की पुरे. निघायच्या आठवड्यात भरा. सुरुवातीला मिळणारा अर्जक्रमांक लगेच लिहून घ्या. मध्येच नेट गेलं तर त्याच्यावरूनच अर्ज पुन्हा उघडतो. कुटुंबाचा एकच अर्ज चालतो, फक्त प्रत्येकाची माहिती भरायला हवी, तान्ह्या बाळाचीसुद्धा.

चुका ठरलेल्याच जागी होतात. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’च्या ओळीत असतं, फॉर्ममध्येही ते तिथेच, जसंच्या तसं लिहा. पासपोर्ट क्रमांकातलं सुरुवातीचं अक्षर गाळू नका. दोन पासपोर्ट असतील तर क्रमांक नव्याचा. मायामीला विमान बदलणार असाल तर डोमिनिकन रिपब्लिकमध्ये उतरणाऱ्या विमानाचा क्रमांक द्या, घरून निघणाऱ्याचा नव्हे. पत्त्यात प्रांतांच्या यादीत पुंता काना शोधत बसू नका, सापडणार नाही: प्रांत ला आल्ताग्रासिया, नगरपालिका इगुएय. १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख असेल तर कस्टम्सच्या भागात जाहीर करावी लागते.

शेवटी क्यूआर कोड येतो. त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि एक कागदी प्रतही ठेवा, कारण विमानतळाच्या वायफायवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग त्याच फोल्डरमध्ये राहू द्या. पर्यटक कार्डाचे, म्हणजे पर्यटकांच्या प्रवेशशुल्काचे, १० डॉलर विमानतिकिटातच धरलेले असतात, त्यामुळे विमानतळावर कोणी ते वेगळे मागितले तर देऊ नका.

थेट भारतातून निघत असाल तर वाटेतले देश आधी तपासा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. युरोपमार्गे जाताना एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा असेल आणि जाताना तिथे विमानतळाबाहेर पडलात, तर तो तिथेच खर्ची पडतो. परतीला त्यावर पुन्हा बाहेर पडता येत नाही. पनामामार्गे परतणार असाल आणि तिथे शहरात मुक्काम करणार असाल, तर पीतज्वराची (यलो फीवर) लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रात टोचून घ्या. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत पनामा आहे आणि प्रमाणपत्र नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

मुक्काम ३० दिवसांपेक्षा लांबला तर देश सोडताना जास्तीचं शुल्क भरावं लागतं. तेवढा वेळ हाताशी ठेवून विमानतळावर पोचा.