बुरशीचं खाद्य: या चुका टाळा

पावसाळा सरता सरता मला एकच फोन पुन्हा पुन्हा येतो. "दादा, गाईच्या खाद्याच्या पोत्यात बुरशीचं जाळं धरलंय. ऊन दाखवून घातलं तर चालेल ना?"

नाही चालणार. उन्हाने बुरशी मरेल, पण तिने आधीच सोडलेलं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, दाण्यात तसंच राहतं.

मीही हे नुकसान सोसूनच शिकलो. एका ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, स्वस्त मिळतोय म्हणून मक्याच्या भरड्याची बारा पोती उचलली. तळाच्या चारांत गोळे झालेले. वडील म्हणाले, उकिरड्यावर टाक. मी शहाणा! गोळे फोडले, चाळले, ताडपत्रीवर दोन दिवस वाळवले आणि उरलेल्या आठ पोत्यांत कालवले. आठवड्याभरात गव्हाणीत भरडा उरायला लागला, चौदा लिटरची गाय नवावर आली. डॉक्टर आले ते गाईकडे न जाता आधी पोत्याकडे गेले. कोपरापर्यंत हात घातला, मूठभर भरडा नाकाशी नेला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. तपासणीत बी-१ (अफ्लाटॉक्सिनचाच एक प्रकार) किलोला ६० मायक्रोग्रॅमच्या वर निघालं; पशुखाद्याला मर्यादा २०. चार पोत्यांचं विष मी बारा पोत्यांत वाटून ठेवलं होतं.

वर दुधाचा घोर. हेच बी-१ गाईच्या शरीरात एम-१ या दुसऱ्या रूपात बदलून दिवसभरात दुधात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही. खाद्य बंद केल्यावर ते ओसरायला तीन-चार दिवस लागतात. ते दूध आमची पोरंही पीत होती.

आता मी मका घेताना खिशात मिठाची पुडी ठेवतो. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे, दोन चमचे मीठ, मिनिटभर हलवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर. तो माल मी घेत नाही. व्यापारी हसतात. हसोत.

मुरघासाचं, म्हणजे खड्ड्यात दाबून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचं, दुखणं म्हणजे हौस. पाच गाई आणि खड्डा पन्नास जनावरांचा! रोज पूर्ण तोंडावरून वीतभर काप निघाला नाही तर आत हवा शिरते, घास तापतो, निळसर गोळे धरतात. गोळ्याभोवतीचा चांगला दिसणारा घासही टाकावा लागतो.

पोती भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या घाला. शेंगपेंड, सरकी पेंड पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच आणा.

टॉक्सिन बाइंडर, म्हणजे विष धरून ठेवायला खाद्यात मिसळायची पावडर? त्यातली बेंटोनाइट माती अफ्लाटॉक्सिनला बऱ्यापैकी धरून ठेवते, फ्युजारियम या दुसऱ्या बुरशीच्या विषांपुढे तिचं फारसं चालत नाही. डबा आणला म्हणून सडका माल घालायची मोकळीक मिळत नाही.

आणि "गाईला नको तर कोंबड्यांना टाकू" हे तर बोलूच नका. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पिल्लं मेली ती बुरशीच्या शेंगपेंडीनेच. अफ्लाटॉक्सिनचा शोध तिथूनच लागला. माझी उरलेली नऊ पोती खड्ड्यात पुरत होतो, तेव्हा शेजारचे आबा कोंबड्यांसाठी एक मागायला आले होते. पोतं मिळालं नाही म्हणून दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.