झेडपीच्या शाळेतलं लेकरू अन् सरकारचे पैसे : खात्यात येईपर्यंत काय काय करा लागते

पहिलेच सांगतो, मी काही मास्तर नाही. कोरडवाहू वावर आहे, दोन लेकरं झेडपीच्या शाळेत आहे अन् दोन वर्षापासून शाळा व्यवस्थापन समितीत आहो, म्हणून हे सगळं धक्के खाऊन माहीत झालं. गावात दरवर्षी तेच ऐकतो, का भौ अमक्याच्या पोरीले पैसे आले, आमच्या पोरीले काऊन नाही आले? मंग पाहाले गेलं का योजना बरोबर राह्यते, पोरगी बी बसते त्याच्यात, कागद चुकलेला राह्यते. म्हणून योजनांची यादी नंतर, आधी कागद.

बाकी महाराष्ट्रात १५ जूनच्या आसपास शाळेची घंटा वाजते, आपल्याकडं विदर्भात ऊन पाहून जूनच्या शेवटी-शेवटी. पण तेव्हा कोणी पेरणीत, कोणी बियाण्याच्या लाईनीत, आधार सेंटरवर कोण जाते बापा? त्याच्यापेक्षा मे महिन्यात, दुपारी वावरात उभं बी राहता येत नाही तेव्हा, हे काम उरकून टाका.

काम एकच. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये, आधारवर अन् पासबुकावर लेकराचं नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख अक्षर-अक्षर सारखी पाहिजे. माझ्या पोरीच्या आधारवर माझ्या नावाले 'राव' लागून होतं, शाळेत बिना रावचं. आधार काढणाऱ्या पोट्ट्यानं इज्जतीनं लावून देल्लं, अन् ती इज्जत मले एका वर्षाच्या शिष्यवृत्तीले पडली. रजिस्टरमधलं नाव बदलाले लई चकरा, आधार बदलणं त्या मानानं सोपं, म्हणून जन्माचा दाखला अन् शाळा पाहून आधारच सुधरून घ्या. आणखी एक, लहानपणी काढलेल्या आधारात बोटाचे ठसे राह्यत नाही, ते ५ व्या वर्षी अन् परत १५ व्या वर्षी द्या लागते, नाही देल्ले तर पुढं अडकते.

आता बँक. इथं सगळ्यात जास्त लोक फसते. पासबुकावर आधार नंबर छापला म्हणजे झालं असं समजू नका, ती केवायसी झाली, म्हणजे खातं कोणाचं ते बँकेनं तपासलं एवढंच. डीबीटीचा, म्हणजे सरकार थेट खात्यात टाकते तो पैसा आधार नंबरवर येते, अन् आधार ज्या बँकेशी 'सीडिंग' झालेला, म्हणजे या पैशासाठी जोडलेला आहे तिथं जाते, एका टायमाले एकच बँक. तुम्ही फॉर्मवर एका बँकेचं खातं लिहिलं अन् मागं कधी दुसऱ्या बँकेत सीडिंग करून ठेवलं असंन तर पैसा तिकडं जाऊन बसते अन् तुम्ही इकडं पासबुक भरत राह्यता. 'माय आधार'च्या साईटवर 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून राह्यते, ओटीपी टाकला का बँकेचं नाव दिसते, त्यासाठी आधारले मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे, अन् तो नंबर चालू बी पाहिजे, नाही तर रिचार्ज संपून बंद पडलेलं जुनं सिम राह्यते. १० वर्षावरच्या लेकराचं पोस्टाच्या पेमेंट बँकेत झिरो बॅलन्सचं खातं निघते, पोस्टमनजवळ मशीन राह्यते, सीडिंग बी तोच करून देते. तालुक्याच्या बँकेत अख्खा दिवस घालवण्यापेक्षा मले हे बरं वाटलं.

एवढं झालं का मंग खालच्या गोष्टी.

पहिली ते आठवी पुस्तकं फुकट, खिचडी फुकट, हे सगळ्याईले माहीत आहे. खिचडीचा हिशोब तेवढा ध्यानात ठेवा, पाचवीपर्यंत एका लेकरामागं १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी १५० ग्रॅम. गणवेशाचं २०२४-२५ मध्ये कापडापासून सगळं वरून आलं अन् लई बोंबाबोंब झाली, कोणाले ढगळे, कोणाले तंग. २०२५-२६ पासून ते परत शाळा व्यवस्थापन समितीकडं आलं. म्हणजे आता कापड खराब निघालं तर मुंबईले शिव्या देऊन फायदा नाही, समितीच्या मिटिंगले या, या समितीत ७५ टक्के पालकच राह्यते.

मुलींचं पाहा. पाचवी ते बारावी अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट आहे, पास शाळेतच भेटते, डेपोत जाऊन उभं राहाची गरज नाही, शाळेतून यादी गेली का नाही एवढं विचारा. मानव विकास कार्यक्रमासाठी सरकारनं निवडलेल्या मागास तालुक्यात निळ्या गाड्या राह्यते त्या बी शाळेच्या पोरीसाठीच. अन् त्याच तालुक्यात आठवी ते बारावीची पोरगी, घर शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत असंन, तर सायकलले ५००० रुपये आहे, आधी ३५०० खात्यात, सायकल घेऊन पावती देल्ली का बाकीचे १५००. पावती पक्की घ्या, दुकानदार साध्या कागदावर लिहून देते ते चालत नाही. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या अन् विशेष मागास प्रवर्गाच्या पाचवी ते दहावीच्या मुलींले सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे, तिले उत्पन्नाची अट नाही, हजेरी पाहते. कापूस वेचाच्या दिवसात पोरीले आठ-आठ दिवस घरी ठेवलं का इथं मार बसते.

गोंड, कोलाम, कोरकू अन् बाकी आदिवासी लेकरं गावातूनच शाळेत जात असंन, आश्रमशाळेत नसंन, तर सुवर्ण महोत्सवी शिष्यवृत्ती पाहा. चौथीपर्यंत वर्षाले १०००, पाचवी ते सातवी १५००, आठवी ते दहावी २०००. शाळेतून नाही समजलं तर आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयात विचारा, पांढरकवडा, पुसद, धारणी ही आपल्याकडची.

आता परीक्षा देऊन भेटणारे पैसे, माझ्या मते खरा फायदा इथं आहे. पाचवी-आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा आता मागं आणून चौथी अन् सातवीले केली, २०२५-२६ हे मधातलं वर्ष म्हणून त्यात चारही वर्गाची ठेवली. चौथीले वर्षाले ५०००, सातवीले ७५००, तीन वर्ष.

आठवीत एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरच्या हुशार लेकराईसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. ही सोडूच नका. निवड झाली का नववी ते बारावी महिन्याले १०००, चार वर्षाचे ४८ हजार. सरकारी, झेडपी, नगर परिषद नाही तर अनुदानित शाळा पाहिजे, नवोदयवाले बसत नाही. घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत अन् सातवीत ५५ टक्के, एससी-एसटीले ५० टक्के. पेपर दोन, ९०-९० मार्काचे, एक बुद्धिमत्तेचा, एक विज्ञान-समाजशास्त्र-गणिताचा. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून लेकराले सांगा का एक बी गोल मोकळा सोडू नको. फॉर्म मुख्याध्यापकाच्या लॉगिनमधून भरते, परीक्षा डिसेंबरच्या आसपास राह्यते, म्हणून पोळा झाला का शाळेत जाऊन विचाराले लागा. उत्पन्नाचा दाखला सेतूतून आधीच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सर्व्हर झोपते.

अन् हे बारीक ऐका, कारण आपल्याकडं कुणबी समाज मोठा आहे. एनएमएमएस पास झाला पण मेरिटमध्ये नाव नाही आलं तर लोक म्हणते गेलं, संपलं. संपलं नाही. मराठा, कुणबी लेकराईले सारथी या सरकारी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, महिन्याले ८०० म्हणजे वर्षाले ९६००, नववी ते बारावी. फक्त तिचा अर्ज वेगळा करा लागते, आपोआप येत नाही. आमच्याच गावातल्या एका पोट्ट्यानं निकाल पाहून फाडून टाकला होता. अन् ज्याची एनएमएमएसमध्ये निवड झाली त्यानं बी दरवर्षी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर रिन्यूअल करा लागते, नववीत आले अन् दहावीत बंद झाले त्याचं कारण बहुतेक हेच. अकरावीत शाळा बदलली का नव्या कॉलेजले पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

गुरुजींसाठी बी थोडं. ३० च्या वर ते १०० पटाच्या शाळेले समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून २५ हजारापर्यंत शाळा अनुदान येते, खडूपासून लाईट बिलापर्यंत सगळं त्यातच, वाचनालयाले पुस्तकाचे वेगळे. हा खर्च समितीच्या ठरावानं होते, म्हणून शंका असंन तर चहाच्या टपरीवर बोलू नका, ठराव बुक पाहाले मागा, तो तुमचा हक्क आहे. दोन शिक्षकी शाळेत एक गुरुजी चार वर्ग पाहते अन् दुसरे यूडायस, सरल या सरकारी पोर्टलवर अन् पोषण आहाराची माहिती भरत राह्यते. त्याईले एकेक कागद व्हॉट्सअपवर पाठवून पिडू नका. आधार, पासबुक, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दोन फोटो, सगळं एका फाईलीत द्या.

एक योजना देव करो अन् कोणाले न लागो, पण माहीत असू द्या. राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजना, पहिली ते बारावी, एक रुपया हप्ता नाही. लेकरू अपघातात, साप चावून नाही तर पोहताना गेलं तर दीड लाख, दोन अवयव कायमचे गेले तर १ लाख, एक गेला तर ७५ हजार. पराटीत, धुऱ्यावर साप निघणं आपल्याकडं काही नवीन नाही, अन् वीज पडून जखमी झाल्यावर दवाखान्याचा खर्च बी यात आहे. अर्ज मुख्याध्यापकाकडून जाते. पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट, दवाखान्याची बिलं लागते, अन् दुःखात नेमके हेच कागद हरवते, म्हणून घरच्याईले जमत नसंन तर समितीतल्या एका माणसानं ते आपल्याजवळ ठेवाचे.

शाळेत जाचं असंन तर शनिवारी जा, शाळा सकाळची राह्यते अन् सुटल्यावर मुख्याध्यापक थोडे मोकळे भेटते.