नगरपरिषदेचा अर्थसंकल्प आणि विकास आराखडा एकत्र कसा वाचायचा

दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास बातमी येते: 'नगरपरिषदेचा १२० कोटींचा शिलकी अर्थसंकल्प मंजूर'. हा आकडा खोटा नसतो, पण त्यावरून शहरात काय होणार हे जवळजवळ काहीच कळत नाही. पाहायचे ते वेगळेच. यातले किती पैसे नगरपरिषद स्वतःच्या निर्णयाने खर्च करू शकते? आणि शहर जिकडे वाढते आहे तिकडे त्यातले काही जाते का?

आधी कागद गोळा करा. मंजूर अर्थसंकल्पाचे पुस्तक, मालमत्ता कर व पाणीपट्टीचे मागणी-वसुली-थकबाकी पत्रक, चालू कामांची दायित्वासह (अजून द्यायच्या रकमांसह) यादी आणि मंजूर विकास आराखड्याचा (शहरातली कोणती जागा कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या योजनेचा) नकाशा अहवालासह, एवढे पुरते. काही नगरपरिषदांच्या संकेतस्थळावर हे सापडते. नसेल तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात वर्ष आणि लेखाशीर्ष (जमा-खर्चाच्या बाबीचे नाव) नेमके लिहा. 'सर्व माहिती द्यावी' असे लिहिले की माहिती विस्तृत असल्याचे उत्तर येते. पाहणीला बोलावले तर मात्र जरूर जा, कारण मूळ नोंदवह्या तिथेच पाहायला मिळतात.

पुस्तक उघडल्यावर एकूण बेरजेकडे न जाता रकान्यांकडे पाहा. मागील वर्षाची प्रत्यक्ष जमा-खर्च, चालू वर्षाचा मंजूर अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे साधारण चार रकाने असतात. सगळ्यात मोलाचा रकाना पहिला, 'प्रत्यक्ष'. गेल्या वर्षी मालमत्ता करातून साडेतीन कोटी आले आणि पुढच्या वर्षी साडेसहा कोटी धरले असतील, तर वाढीचे कारण त्याच पुस्तकात सापडले पाहिजे. चतुर्वार्षिक फेरआकारणी (दर चार वर्षांनी मालमत्तांवरचा कर नव्याने ठरवणे) पूर्ण झाली असेल किंवा नव्या मालमत्तांची मोजणी होऊन त्या कराखाली आल्या असतील, तर वाढ पटते. तसे काहीच नसेल, तर खर्चाची बाजू भरून दाखवण्यासाठी जमा फुगवली आहे असे समजा. वर्षअखेरीला हा खड्डा बहुधा ठेकेदारांची बिले थांबवून भरला जातो, आणि थांबलेल्या बिलांमुळे पुढच्या निविदांना कोणी फिरकत नाही.

आता गाळणी लावा. समजा ६० हजार वस्तीच्या ब वर्ग नगरपरिषदेचा (४० हजारांहून अधिक ते एक लाखापर्यंत लोकसंख्या) अर्थसंकल्प १२० कोटींचा आहे. त्यातून आरंभीची शिल्लक ३८ कोटी वजा करा, कारण ती बहुतेक योजनांच्या न खर्चलेल्या अनुदानाची असते आणि दुसरीकडे वळवता येत नाही. योजनांचे भांडवली अनुदान ५५ कोटी वजा करा. अनामत रकमा आणि शासनासाठी गोळा केलेले शिक्षण व रोजगार हमी उपकर, असे ९ कोटीही काढा; तो पैसा नगरपरिषदेचा नव्हेच. उरले १८ कोटी. यात जकातीच्या बदल्यात मिळणारे सहायक अनुदान ९ कोटी आणि स्वतःचे उत्पन्न ९ कोटी, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडे, बाजार फी, विकास शुल्क (बांधकाम परवानगीवेळी घेतले जाणारे) वगैरे.

खर्चात वेतन व निवृत्तिवेतन १० कोटी, कचरा संकलनाचा ठेका ३ कोटी, पाणीपुरवठ्याचे वीजबिल अडीच कोटी, पथदिवे ८० लाख. हातात राहिले १ कोटी ७० लाख. महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी प्रत्येकी ५ टक्के तरतूदही स्वउत्पन्नातूनच करायची असते. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण रचना अशीच असते. आपल्या गावाचे आकडे याच क्रमाने मांडले की १२० कोटींचा अर्थ अर्ध्या तासात कळतो. विकास शुल्क या हिशोबात जरा बाजूला ठेवा. बांधकामे जोरात असली की ते वाढते आणि मंदीत आटते. त्यावर पगार किंवा वीजबिल उभे करणे धोक्याचे.

वसुलीची टक्केवारी तपासताना एक खबरदारी घ्या. चालू मागणी ४ कोटी, मागील थकबाकी ३ कोटी आणि वसुली साडेतीन कोटी असेल, तर खरी वसुली एकूण मागणीच्या ५० टक्के होते. तीच रक्कम फक्त चालू मागणीशी ताडली की ८७.५ टक्के दिसते. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) चढत असल्याने मागणीचा आकडा आपोआप फुगतो, म्हणून शास्ती वेगळी काढून मूळ कराची वसुली विचारा. मोठ्या थकबाकीदारांत शासकीय कार्यालये आहेत का, हेही बघा.

योजनांच्या पैशात दोन अटी हमखास नडतात. पहिली, बंधन. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी दहा लाखांखालील शहरांना दिलेल्या अनुदानात ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता-घनकचरा यांनाच बांधलेली होती. त्यातून रस्ता मागणारे निवेदन परत येणारच. दुसरी, स्वहिस्सा. अमृत २.० या केंद्राच्या शहरी पाणीपुरवठा-मलनिस्सारण योजनेत एक लाखाखालील शहरांना केंद्राचा वाटा ५० टक्के. उरलेल्यात राज्याबरोबर नगरपरिषदेलाही आपला हिस्सा घालावा लागतो. भांडवली जमेत योजना दिसते आणि खर्चात स्वहिस्स्याचे शीर्ष कोरे असते, तेव्हा ती योजना अडकणार असे धरून चाला. काम पूर्ण झाल्यावरचा खर्चही शोधा. मलनिस्सारण प्रकल्प अनुदानातून उभा राहतो. त्याची वीज, रसायने आणि चालवणारी माणसे यांचा भार मात्र त्या १८ कोटींवरच पडतो. देखभाल-दुरुस्तीची तरतूद नसल्यामुळे नवी यंत्रणा बंद पडणे, याइतके टाळता येण्यासारखे नुकसान दुसरे नाही.

यानंतर विकास आराखडा शेजारी ठेवा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली तो साधारण २० वर्षांसाठी होतो. नकाशावरच्या आरक्षणांची, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागांची, यादी करा: आरक्षण क्रमांक, प्रयोजन (बाग, मैदान, शाळा, भाजी मंडई, रस्ता), गट किंवा सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, जागा ताब्यात आली की नाही. मग अर्थसंकल्पात 'भूसंपादन' शीर्षाखाली गेल्या तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च पाहा. तिथे वर्षानुवर्षे टोकन रक्कम असेल, तर आराखड्यातली मैदाने कागदावरच राहणार. कलम १२७ नुसार अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक खरेदी सूचना (जागा घ्या, अशी लेखी नोटीस) देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. नुसता ठराव करून किंवा पत्र पाठवून ते वाचत नाही. म्हणून ८ वर्षे उलटलेल्या आरक्षणांची यादी वेगळी करा आणि सगळ्यात आधी त्यांच्यासाठी भांडा. पैसा नसेल तर मालकाच्या संमतीने रोख रकमेऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क, टीडीआर) देऊन जागा घेता येते. लहान शहरात या हक्कांना गिऱ्हाईक कमी असल्याने मालक नाखूश असतात, तरी रस्त्यांच्या जागांसाठी हा मार्ग विचारावाच.

वाढीचा हिशोब पाण्यावर करा. नव्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) ५०० घरे, घरी साडेचार माणसे आणि माणशी १३५ लिटर धरले तर रोज सुमारे ३ लाख लिटर जादा पाणी लागते. त्या बाजूला टाकी आणि मुख्य जलवाहिनी यांचे काम चालू कामांच्या यादीत आहे का? नसेल तर तिथे टँकर येणार.

मागणी करायची ती वेळेत. अर्थसंकल्प सभेपुढे आल्यावर दिलेले निवेदन उशिराचे ठरते. लेखा विभाग अंदाज जुळवत असतो त्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ते द्या. मुख्याधिकारी, नगराध्यक्ष आणि प्रभागातील नगरसेवक या तिघांना एकच प्रत, आवक क्रमांक घेऊन. त्यात जागा, लांबी-रुंदी, सुचवलेले लेखाशीर्ष आणि निधीचा स्रोत लिहा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. तिथेही आरक्षण क्रमांक, गट क्रमांक आणि भाग नकाशा जोडलेली, एका मुद्द्याची हरकत सुनावणीत टिकते. तरतूद मंजूर झाल्यावर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा आणि कार्यादेश, यांतला कोणता टप्पा झाला ते दर तीन महिन्यांनी लेखी विचारत राहा. डिसेंबरपर्यंत निविदा निघाली नाही तर ३१ मार्चपूर्वी तो पैसा खर्च होणे अवघड असते.