लिनक्स वर्कस्टेशन क्रॅश झालं? रिसेट दाबण्याआधी हे बघा

अंधेरी-गोरेगावकडच्या व्हीएफएक्स स्टुडिओत रात्री रेंडर (फ्रेम्स तयार करायचं काम) लावून गेलात आणि सकाळी मशीन थिजलेलं दिसलं, की हात आपसूक पॉवर बटणाकडे जातो. तो आवरा. आधी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. कर्नल पॅनिकचा, म्हणजे लिनक्सचा गाभा (कर्नल) कोलमडल्याचा मजकूर बऱ्याचदा तिथेच असतो, डिस्कवर उतरलेलाच नसतो.

मग दुसऱ्या मशीनवरून पिंग करून हे मशीन नेटवर्कवर उत्तर देतंय का बघा. एसएसएचने (नेटवर्कवरून) लॉगिन झालं तर सिस्टिम जिवंत आहे, बहुधा ग्राफिक्सच अडकलंय. तिथूनच डीमेसेज ही कमांड देऊन कर्नलचे संदेश वाचा. उत्तरच नसेल तर ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुतेक कीबोर्डवर प्रिंट स्क्रीनचीच की) दाबून धरा, आणि थोडं थांबत थांबत एस, यू, बी दाबा. कर्नलमध्ये जीव असेल आणि ही सोय चालू असेल तर डेटा डिस्कवर लिहिला जाईल आणि मशीन रीबूट होईल.

परत चालू झाल्यावर 'लास्ट -एक्स' ही कमांड चालवा, ती रीबूट-शटडाउनच्या नोंदी दाखवते. रीबूटच्या आधी शटडाउनची नोंद नसेल, तर मशीन कुणी रीतसर बंद केलेलं नाही. आता 'जर्नलसीटीएल -बी -१ -ई' देऊन मागच्या बूटच्या लॉगचा (नोंदींचा) शेवट वाचा. काहीच सापडलं नाही तर '/व्हार/लॉग/जर्नल' हे फोल्डर आहे का बघा. बऱ्याच ठिकाणी ते नसलं की लॉग रीबूटला पुसला जातो. नसेल तर आजच बनवा.

लॉग मध्येच तुटला असेल तर माझा पहिला संशय वीज आणि उष्णतेवर. त्याच वेळी शेजारचीही मशीन्स गेली का, विचारा. यूपीएसची बॅटरी तपासा. अनेक ऑफिसांत संध्याकाळनंतर बिल्डिंगचा एसी बंद होतो आणि रेंडर मात्र रात्रभर चालतो. मे महिन्याच्या उकाड्यात आणि पंख्यात धूळ बसलेली असताना हे फार महागात पडतं. लॉगमध्ये 'अबाव्ह थ्रेशोल्ड' हे शब्द असलेली ओळ शोधा.

पॅनिकचा मजकूर मिळाला असेल तर 'आरआयपी'ची ओळ (कोड नेमका कुठे अडकला ते सांगणारी) आणि चौकटी कंसातलं मॉड्यूलचं, म्हणजे ड्रायव्हरसारख्या कर्नलच्या जोडभागाचं नाव बघा. दर वेळी तेच मॉड्यूल आलं तर ड्रायव्हरवर संशय घ्या, अलीकडे काय अपडेट केलं ते आठवा. दर वेळी वेगळीच जागा आली तर रॅम: रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावा, मग एकेक स्टिक काढून बघा. हे केल्याशिवाय लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठून नवी रॅम घेऊ नका. 'हार्डवेअर एरर' किंवा 'मशीन चेक' दिसलं तर मात्र सॉफ्टवेअरवर वेळ घालवू नका.

डिस्कची तब्येत बघायला स्मार्टसीटीएल ही कमांड चालवा. साटा डिस्कवर ५ आणि १९७ क्रमांकाचे आकडे (खराब किंवा संशयित सेक्टरचे) वाढत असतील तर आधी बॅकअप घ्या. फक्त १९९ (डेटा पाठवतानाच्या चुका) वाढत असेल तर केबल बदलून पाहा.

एवढं करूनही कारण सापडलं नाही तर केडंप ही पॅनिकच्या वेळची मेमरी साठवणारी सोय बसवा. पुढचं पॅनिक आलं की मेमरीची प्रत '/व्हार/क्रॅश'मध्ये पडेल. बसवल्यावर सगळ्यांचं काम सेव्ह करून घ्या, एकदा मुद्दाम पॅनिक घडवा आणि फाइल खरंच पडतेय ना, ते बघा.